पार्श्वभूमी : स्वमग्नतेचा दाखला कुठून आला

१९९५च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते : अंधत्व, अल्पदृष्टी, कुष्ठरोगमुक्त, श्रवणदोष, चलनवलनाचं अपंगत्व, मतिमंदत्व आणि मानसिक आजार. स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, त्यात नव्हती. पुढची वीसेक वर्षं ज्या घरांत स्वमग्न मूल वाढलं, त्यांतल्या कितीतरी घरांच्या फायलीत मुलाला 'मतिमंद' ठरवणारा दाखला सापडतो. काही मुलांच्या बाबतीत तो खरा होता, कारण स्वमग्नतेच्या जोडीला बौद्धिक अक्षमताही होती. बाकीच्यांनी तो घेतला, कारण सवलतीसाठी दुसरी खिडकीच उघडी नव्हती. आणि ज्या मुलाचा बुद्ध्यंक सत्तरच्या वर भरला, त्याला ही खिडकीही बंद. बोलता येत नाही, वर्गात बसवत नाही, कुकरची शिट्टी वाजली की कानावर हात घेऊन घरभर धावतो. पण कागदोपत्री त्याला काहीच झालेलं नाही.

स्वमग्नता हा शब्द कायद्यात आला १९९९मध्ये, राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यातून. चार अवस्थांसाठीचा हा कायदा : स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता. त्यातली स्वमग्नतेची व्याख्या आजही वाचण्यासारखी आहे. कौशल्यांची असमान वाढ, परिणाम मुख्यतः संवादावर आणि माणसांत मिसळण्यावर, जोडीला तेच ते आणि ठरलेल्या पद्धतीनेच करण्याचा आग्रह, असा तिचा आशय. यातला 'असमान' हा शब्द फार नेमका आहे. कर्जतहून सुटणाऱ्या गाड्यांचं वेळापत्रक तोंडपाठ असलेल्या मुलाला शर्टाचं बटण लावता येत नाही, हे 'मंद' या शब्दात बसत नाही, 'असमान'मध्ये बसतं.

पण या कायद्याचा रोख वेगळा होता. आईवडिलांनंतर या मुलाचं कोण पाहणार, या प्रश्नातून तो जन्मला. त्यामुळे त्यातून अठराव्या वर्षानंतर कायदेशीर पालक नेमण्यासाठी जिल्हा पातळीवरची समिती मिळाली, पुढे 'निरामय' ही एक लाखापर्यंतची आरोग्य विमा योजना मिळाली. नोकरीतलं आरक्षण १९९५च्या कायद्याकडेच राहिलं, आणि तिथे स्वमग्नतेचं नावच नव्हतं. म्हणजे एकाच मुलाला एक कायदा ओळखत होता आणि दुसरा नाही. हा घोळ १७ वर्षं चालला. त्याला दुर्लक्ष म्हणायचं की सावकाशी, हे ज्याने त्याने ठरवावं. मला तो पहिला शब्द जवळचा वाटतो.

मराठी शब्दाचीही एक गुंतागुंत आहे. 'स्वमग्नता' हे मूळ संज्ञेचं बऱ्यापैकी प्रामाणिक भाषांतर. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही 'स्वतः' असाच. हिंदीत सरकारी कागदावर 'स्वपरायणता' आणि बोलण्यात 'स्वलीनता' चालते, मराठीत कधी 'आत्ममग्नता'ही. अडचण अशी की मराठीत मग्न असणं हा दोष नाही. माणूस कामात मग्न असतो, भजनात मग्न असतो. 'स्वमग्न' म्हटलं की आपल्याच तंद्रीत सुखी असलेलं, जगाकडे पाठ फिरवून बसलेलं मूल डोळ्यांपुढे येतं. प्रत्यक्षात अनेक मुलांना माणसं हवी असतात. जायचं कसं ते उमगत नाही. कित्येकांचा त्रास तर जगापासून दूर असण्याचा नसतोच, जग फार जवळ आणि फार मोठ्या आवाजात येण्याचा असतो. म्हणून आता बरेच पालक सरळ 'ऑटिझम' म्हणतात. सरकारी अर्जावर मात्र स्वमग्नताच लिहावं लागतं.

ही संज्ञा जुनी आहे, पण अर्थ बदलत आला. १९११च्या सुमारास एका स्विस मनोविकारतज्ज्ञाने ती स्किझोफ्रेनियाच्या एका लक्षणासाठी वापरली. १९२५मध्ये मॉस्कोतल्या एका बालमनोविकारतज्ज्ञ बाईंनी सहा मुलग्यांची जी वर्णनं लिहिली ती आजच्या निकषांशी चकित करण्याइतकी जुळतात. त्यांची दखल पश्चिमेने फार उशिरा घेतली. मग १९४३मध्ये बाल्टिमोरमधला ११ मुलांवरचा निबंध आणि १९४४मध्ये व्हिएन्नातला चार मुलग्यांवरचा. व्हिएन्नातल्या त्या डॉक्टरांच्या नावाने पुढे एक निदान रूढ झालं, आणि नाझी राजवटीत अपंग मुलांना जिथे मारलं जात होतं अशा संस्थेकडे त्यांनीही मुलं पाठवली होती, हे २०१८मध्ये सविस्तर पुढे आलं. १९४३च्या निबंधात ही अवस्था जन्मजात असल्याचं म्हटलं होतं. त्याच निबंधात पालकांच्या थंडपणाबद्दलही शेरा होता, आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं जगाने तो शेराच उचलून धरला. आईने माया दिली नाही म्हणून मूल मिटलं, असं शिकलेसवरलेले लोक छापत होते. आपल्याकडे तो सिद्धान्त कोणी वाचला नसेल, पण 'आई नोकरी करते ना' हे वाक्य त्याचंच चुलत भावंड आहे.

त्या सिद्धान्ताला हादरा दिला जुळ्यांनी. १९७७च्या एका ब्रिटिश अभ्यासात जुळ्यांच्या २१ जोड्या होत्या. एकसारख्या दिसणाऱ्या ११ जोड्यांपैकी चारांत दोन्ही मुलं स्वमग्न निघाली. वेगळ्या दिसणाऱ्या दहांपैकी एकाही जोडीत नाही. आकडे लहान, पण दिशा पक्की झाली. २०१९मध्ये पाच देशांतल्या वीस लाखांहून अधिक मुलांच्या नोंदींवरून आनुवंशिकतेचा वाटा ८० टक्क्यांच्या आसपास धरला गेला. याचा अर्थ एखादं 'ऑटिझमचं जनुक' सापडलं असा नाही; शेकडो जनुकांचा थोडाथोडा हात आहे. पालकांचं वाढलेलं वय, बाळ फार अपुऱ्या दिवसांचं असणं, गरोदरपणी फिट्सवरचं व्हॅल्प्रोएट घेतलेलं असणं, यांनी शक्यता वाढते.

कारणांच्या बाजारात खोटी नाणीही बरीच खपली. १९९८मध्ये अवघ्या १२ मुलांवरच्या एका ब्रिटिश लेखाने गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीकडे बोट दाखवलं. २०१०मध्ये त्या नियतकालिकाने तो लेख मागे घेतला. २०१९च्या डॅनिश अभ्यासात ६,५७,४६१ मुलांमध्ये लशीचा काही संबंध दिसला नाही, तरी लस नाकारणारे पालक अजून भेटतात. सप्टेंबर २०२५मध्ये अमेरिकी सरकारने गरोदरपणातल्या पॅरासिटामॉलकडे बोट वळवलं. त्याच्या आदल्याच वर्षी स्वीडनमधल्या सुमारे २५ लाख मुलांच्या अभ्यासात, सख्ख्या भावंडांची आपसात तुलना केल्यावर, असा संबंध उरला नव्हता. आपल्याकडे सध्या चलती आहे ती 'व्हर्च्युअल ऑटिझम'ची. मोबाइल काढून घेतला की मूल बरं होतं, हा त्याचा गाभा. निदानाच्या कोणत्याही अधिकृत पुस्तिकेत हे नाव नाही. मोबाइल कमी केलेला चांगलाच, पण या शब्दापायी तपासणीचं वर्ष वाया जातं. आजीचं 'त्याचा बापही उशिराच बोलला' आणि हे नवं नाव, दोन्हींचा परिणाम तोच.

निदान रक्तातून किंवा एमआरआयमधून होत नाही. वागणूक पाहून, पालकांशी बोलून होतं. अमेरिकी निदानपुस्तिकेत १९८०मध्ये ही अवस्था पहिल्यांदा स्वतंत्र झाली, १९९४मध्ये तिच्या पोटात अनेक उपप्रकार आले आणि मे २०१३मध्ये ते सगळे पुसून एकच वर्णपट ठेवला गेला. सामाजिक संवादातल्या तिन्ही अडचणी हव्यात आणि ठरावीक, पुन्हापुन्हाच्या वागणुकीच्या चार प्रकारांपैकी किमान दोन. आवाज, स्पर्श, प्रकाश यांची अतिरेकी किंवा फारच कमी जाणीव या चारांत तेव्हाच प्रथम मोजली गेली. पालक वर्षानुवर्षं तेच सांगत होते.

म्हणजे जगात निदान पेटीतून बाहेर पडून पट्ट्यासारखं पसरत होतं, नेमक्या त्याच काळात आपण त्याला टक्क्यांत बसवत होतो. यावरच सगळ्यांत जास्त वाद झाला, आणि माझ्या मते तो अजून मिटलेला नाही.

टक्के काढायचे तर मोजपट्टी हवी. सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेत ती तयार झाली आणि २००९मध्ये वापरात आली : भारतीय स्वमग्नता मूल्यमापन श्रेणी, सगळे तिला 'आयएसएए' म्हणतात. तिच्यात ४० मुद्दे आहेत. डोळ्याला डोळा भिडवत नाही, या मुद्द्यापासून सुरुवात. प्रत्येकाला एक ते पाच गुण. त्यामुळे एकही लक्षण नसलेल्या मुलाचे गुण शून्य नाही, ४० होतात, आणि कमाल २००. स्वमग्नता धरली जाते ७० गुणांपासून, आणि ७० गुण म्हणजे ४० टक्के अपंगत्व. सवलतींसाठी लागणारे टक्केही ४०च. गुणांतले चाळीस आणि टक्क्यांतले चाळीस यांची गल्लत इतकी सहज होते की अहवाल हातात घेतलेल्या पालकाला आधी हेच समजावून सांगावं लागतं.

एका अर्थी ही पट्टी उदार आहे. सौम्य स्वमग्नताही थेट ४० टक्क्यांवर पोचते. 'सौम्य आहे, म्हणून दाखला नाही' अशी पायरी मध्ये नाही. खाच आहे ती सत्तरच्या खाली. डॉक्टरने निकषांनुसार स्वमग्नता ठरवली आणि श्रेणीत गुण ६६ आले, तर मूल स्वमग्न आहे आणि दाखल्यासाठी नाही. प्रश्न बहुतेक दिसणाऱ्या वागणुकीचे आहेत. त्यामुळे बोलकी मुलं, चारचौघांत स्वतःला सावरायला शिकलेल्या मुली आणि मोठेपणी निदान झालेली माणसं इथेच अडखळतात. शिवाय गुण देणाऱ्यासमोर मूल असतं ते एका सकाळपुरतं, सिव्हिल हॉस्पिटलच्या गर्दीत. रात्रीच्या प्रवासाने थकलेलं मूल त्या दिवशी जास्त 'गंभीर' दिसतं आणि आदल्या दिवशी छान झोपलेलं कमी.

दाखल्याची पद्धत केंद्राने एप्रिल २०१६मध्ये ठरवून दिली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिव्यांग हक्कांचा नवा कायदा संमत झाला आणि १९ एप्रिल २०१७पासून लागू झाला. सातांचे २१ प्रकार झाले, त्यांत स्वमग्नता स्वतंत्रपणे आली. सरकारी नोकऱ्यांतलं आरक्षण तीनवरून चार टक्क्यांवर गेलं, पण त्यातला एकच टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांच्यात वाटायचा आहे. जानेवारी २०१८च्या मार्गदर्शक सूचनांनीही आयएसएएच कायम ठेवली. लहान मुलांना तात्पुरता दाखला मिळतो आणि वयाच्या टप्प्यांवर पुन्हा तपासणीला जावं लागतं. ज्यांच्याकडे जुना 'मतिमंद' दाखला होता, त्यांच्यापुढे प्रश्न आला : तो बदलायचा की राहू द्यायचा? चालू असलेली सवलत कोण पणाला लावणार, म्हणून पुष्कळांनी राहू दिला.

लवकर ओळखण्याच्या बाजूचं काम महाराष्ट्राच्या मातीतून सुरू झालं, हे कमी लोकांना आठवतं. शाळा-अंगणवाड्यांतल्या मुलांच्या तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३मध्ये पालघरहून देशभर सुरू झाला, पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. त्यातल्या तीस बाबींच्या यादीत 'वर्तनदोष' या नावाखाली स्वमग्नता आहे. नाव चुकीचं आहे, पण यादीत आहे. उपचारांच्या बाजूने गोव्यात झालेलं काम मोलाचं : गोवा आणि रावळपिंडी इथल्या ६५ मुलांवर, तज्ज्ञांऐवजी प्रशिक्षित सामान्य कार्यकर्त्यांनी पालकांना मुलाशी संवाद साधायला शिकवण्याचा प्रयोग झाला, आणि पालक-मुलांच्या परस्पर संवादात फरक पडल्याचं २०१५मध्ये छापून आलं.

देशात स्वमग्न माणसं किती, याचं उत्तर जनगणनेत नाही. २०११च्या अर्जात अपंगत्वाचे आठ रकाने होते आणि स्वमग्नतेचा एकही नव्हता. ती 'मतिमंदत्व' किंवा 'इतर'मध्ये विरघळली. २०१८मध्ये पाच ठिकाणच्या ३,९६४ मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली, त्यात उत्तर गोवा होतं आणि महाराष्ट्रातला एकही जिल्हा नव्हता. दोन ते नऊ वर्षांच्या मुलांत शंभरी एकाच्या आसपास, असा त्यातला अंदाज. मराठी लेखांत 'भारतात इतके' म्हणून जे आकडे फिरतात, त्यांतले बरेचसे असल्या नमुन्यांना लोकसंख्येने गुणून काढलेले आहेत.