डेटाबेसच्या वाटेवरची कुलपं: दोन सर्व्हरमधलं कनेक्शन का जुळत नाही

अ‍ॅप्लिकेशन एका सर्व्हरवर, डेटाबेस दुसऱ्यावर. कालपर्यंत सगळं सुरळीत होतं आणि आज स्क्रीनवर ‘कनेक्शन टाइम्ड आउट’. अशा वेळी पुष्कळ जण आधी पासवर्ड तपासत बसतात. पण टाइमआउट आला, तर गोष्ट बहुधा पासवर्ड विचारण्यापर्यंत पोचलेलीच नसते. या वाटेवरचे बरेचसे अडथळे म्हणजे कुणीतरी विचारपूर्वक लावलेली कुलपं आहेत. कोणतं कुलूप कधी आणि कशासाठी लागलं हे ठाऊक असलं, की एरर मेसेज वाचता येऊ लागतो.

१९७० साली एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेल मांडलं, तेव्हा डेटाबेस आणि तो वापरणारा प्रोग्रॅम साधारणपणे एकाच मोठ्या संगणकावर असत. मधे नेटवर्क नव्हतं, त्यामुळे नेटवर्कची दुखणीही नव्हती. १९८०च्या दशकात क्लायंट-सर्व्हर पद्धत आली, ओरॅकल आणि सायबेसने डेटाबेस वेगळ्या मशीनवर नेला, आणि एका मशीनच्या पोटात घडणारी गोष्ट तारेवरून होऊ लागली.

तारेवरचे नियम त्याआधीच ठरले होते. सप्टेंबर १९८१च्या आरएफसी ७९३ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजात टीसीपीचं, म्हणजे दोन मशीनमधलं कनेक्शन जोडणाऱ्या पद्धतीचं, वर्तन लिहिलेलं आहे: ज्या पोर्टवर, म्हणजे मशीनच्या क्रमांक दिलेल्या दारावर, कुणी ऐकत नाही, तिथे कनेक्शनची विनंती आली तर ‘रीसेट’ पाठवायचा. हाच तो ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’. म्हणजे समोरचं मशीन जागं आहे, रस्ता मोकळा आहे, फक्त त्या पोर्टवर डेटाबेस ऐकत नाही. नेटवर्कवर पहारा देणाऱ्या फायरवॉल नंतर आल्या, आणि नकार देण्याऐवजी पॅकेट गुपचूप टाकून द्यायची रीत त्यांनी रूढ केली. मग विनंती करणारा वाट बघत राहतो. लिनक्सच्या मूळ सेटिंगमध्ये तो सुमारे १२७ सेकंद प्रयत्न करतो. रिफ्यूज्ड आलं तर डेटाबेसची सर्व्हिस आणि पोर्ट बघा, टाइमआउट आला तर फायरवॉल आणि रूटिंग. एवढा एक फरक लक्षात ठेवला तरी अर्धा दिवस वाचतो.

पिंगवर मात्र विसंबू नये. माइक म्यूस यांनी तो डिसेंबर १९८३ मध्ये लिहिला, मशीनपर्यंत पोचता येतं का हे बघायला. पोर्टबद्दल तो काहीच सांगत नाही, आणि हल्ली अनेक ठिकाणी पिंग मुद्दाम अडवलेला असतो. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरचा १४३३, ओरॅकलचा १५२१, मायएसक्यूएलचा ३३०६ किंवा पोस्टग्रेसचा ५४३२, जो पोर्ट असेल तो नेटकॅट या कमांडने थेट ठोठावून बघावा, आणि तोही अ‍ॅप्लिकेशनच्याच सर्व्हरवरून. स्वतःच्या लॅपटॉपवरून केलेली चाचणी वेगळ्या रस्त्याची असते.

सगळ्यात मोठं कुलूप लागलं ते २५ जानेवारी २००३ नंतर. एसक्यूएल सर्व्हर २००० मध्ये एकाच मशीनवर अनेक इन्स्टन्स, म्हणजे डेटाबेस सर्व्हरच्या स्वतंत्र प्रती, ठेवायची सोय होती. कोणता इन्स्टन्स कोणत्या पोर्टवर आहे, हे १४३४ या पोर्टवर यूडीपीने, म्हणजे आधी कनेक्शन न जोडता निरोप धाडायच्या पद्धतीने, विचारायचं. त्या सेवेतल्या त्रुटीवर उपाय जुलै २००२ मध्येच निघाला होता, पण असंख्य मशीनवर तो बसवलेला नव्हता. अवघ्या ३७६ बाइटचा ‘स्लॅमर’ वर्म, म्हणजे स्वतःहून पसरणारा घातक प्रोग्रॅम, त्या वाटेने घुसला आणि साधारण १० मिनिटांत त्याने किमान ७५,००० मशीन गाठली. त्यानंतर डेटाबेस मोकळ्या नेटवर्कवर उघडा ठेवायचा नाही, हा धडा सगळ्यांनी घेतला. एसक्यूएल सर्व्हर २००५च्या एक्सप्रेस आवृत्तीत टीसीपी मुळात बंदच होतं, आणि विंडोज सर्व्हर २००८ पासून फायरवॉल आपोआप चालू असतं. नव्या मशीनवर नावाने शोधलेला इन्स्टन्स ‘सापडत नाही’ आणि पोर्ट क्रमांक दिला की लगेच जुळतो, ते यामुळेच: १४३४ची वाट बंद असते. मोंगोडीबी या डेटाबेसलाही २०१७च्या सुरुवातीला खंडणीखोरांनी उघडे सर्व्हर पुसून टाकल्यावर जाग आली; त्याच वर्षीच्या ३.६ आवृत्तीपासून तो मुळात फक्त लोकलहोस्टवर, म्हणजे त्याच मशीनवरून आलेल्या विनंत्या, ऐकतो.

दार उघडलं तरी ओळख पटायची असते. मायएसक्यूएलने ४.१ मध्ये पासवर्ड-हॅशची, म्हणजे पासवर्ड सांकेतिक रूपात ठेवून तपासण्याची, पद्धत बदलली आणि जुने क्लायंट बाहेर राहिले. २०१८ मध्ये ८.० आवृत्तीने नवी पद्धत आणली तेव्हा तेच पुन्हा घडलं. पासवर्ड बरोबर, तरी प्रवेश नाही! अशा वेळी ड्रायव्हर, म्हणजे अ‍ॅप्लिकेशनला डेटाबेसशी जोडणारा भाग, अद्ययावत करावा. सर्व्हरला जुन्या पद्धतीवर ओढू नये. एसक्यूएल सर्व्हरची १८४५६ ही एरर तर क्लायंटला मुद्दाम अर्धवट सांगते, म्हणजे घुसखोराला सुगावा लागू नये. खरं कारण सर्व्हरच्या एरर लॉगमधल्या ‘स्टेट’ क्रमांकात असतं: ५ म्हणजे असा युजरच नाही, ८ म्हणजे पासवर्ड चुकला.

दोन डेटाबेस सर्व्हर एकमेकांना जोडताना आणखी एक पेच येतो. तुम्ही पहिल्या सर्व्हरवर विंडोज लॉगिनने शिरता, तो तुमच्या वतीने दुसऱ्याकडे जातो, आणि दुसरा म्हणतो ‘अनॉनिमस लॉगऑन’. यालाच ‘डबल हॉप’ म्हणतात. तुमची ओळख पुढे नेण्याची परवानगी पहिल्या सर्व्हरला वेगळी द्यावी लागते, आणि त्यासाठी कर्बेरॉस ही ओळख पटवण्याची पद्धत व सर्व्हिसची योग्य नोंदणी लागते.

सकाळची पहिली क्वेरी पडते आणि दुसरी चालते, ही तक्रारही जुन्या-नव्या नियमांच्या भांडणातून येते. १९८९च्या आरएफसी ११२२ नुसार कनेक्शन जिवंत आहे का हे तपासणाऱ्या टीसीपी कीपअलाइव्हची मूळ मुदत किमान २ तास. मायक्रोसॉफ्टच्या अझूर क्लाउडचा लोड बॅलन्सर, म्हणजे कनेक्शन सर्व्हरांमध्ये वाटून देणारी सेवा, मात्र मूळ सेटिंगमध्ये ४ मिनिटांच्या शांततेनंतर कनेक्शन विसरतो. पूलमधलं, म्हणजे पुन्हा वापरायला उघडं ठेवलेलं, कनेक्शन मेलेलं असतं, अ‍ॅप्लिकेशनला पत्ता नसतो. कीपअलाइव्हची मुदत कमी करणं आणि पूलमधून देण्याआधी कनेक्शन तपासणं, हे दोन उपाय लागू पडतात.

अलीकडचं कुलूप २०२२चं. मायक्रोसॉफ्टच्या ओडीबीसी ड्रायव्हर १८ ने एन्क्रिप्शन मुळातच सक्तीचं केलं आणि सर्टिफिकेटवर, म्हणजे सर्व्हरच्या ओळखीच्या दाखल्यावर, विश्वास नसल्याच्या एरर सुरू झाल्या. ‘ट्रस्ट सर्व्हर सर्टिफिकेट’ चालू करा, हा सल्ला सर्रास दिला जातो, आणि मला तो मुळीच पटत नाही. त्याने मजकूर एन्क्रिप्ट होतो, पण समोर आपलाच सर्व्हर आहे की मधे भलताच कुणी बसला आहे, हे तपासणं थांबतं. सर्व्हरवर मान्य अथॉरिटीचं सर्टिफिकेट बसवावं आणि कनेक्शन स्ट्रिंगमध्ये आयपी न देता सर्टिफिकेटवर आहे तेच नाव द्यावं.