राल्फचं मनोराज्य आणि चांदण्यातला पक्षी

मूल भोवतालचं भान विसरून बसलं की मोठ्यांचा शेरा ठरलेला: ‘कल्पनेत रमलंय.’ पण मनोराज्यात हरवणं वेगळं आणि काल्पनिक सवंगडी बाळगणं वेगळं. जुन्या अमेरिकी कार्टूनपटांत हा फरक छान दिसतो.

दिग्दर्शक चक जोन्सच्या ‘फ्रॉम ए टू झी-झी-झी-झी’मधला (१९५४) राल्फ फिलिप्स वर्गात असतो, पण नुसता देहानं. खिडकीबाहेर पाखरू दिसलं की हाही उडायला लागतो. फळ्यावरचे आकडे त्याच्यावर चाल करून येतात. पत्र टाकायला पाठवलं तर घोडेस्वार टपाल्या होतो, कोपऱ्यात उभं केलं तर मुष्टियोद्धा. शाळा सुटल्यावर स्वारी बाहेर पडते ती थेट अमेरिकी सेनानी जनरल मॅकआर्थरच्या थाटात! जग कितीही बदलो, नायक तोच. आणि बाईंची एक हाक आली की सगळा डोलारा कोसळतो.

जॉन आणि फेथ हबली या दांपत्याचा ‘मूनबर्ड’ (१९५९) मला जास्त आवडतो. आपल्या दोन मुलांच्या खेळातल्या गप्पा त्यांनी ध्वनिमुद्रित केल्या आणि त्यांवर चित्रं बेतली. ऑस्करही मिळालं. दोघं भाऊ रात्री गुपचूप घराबाहेर पडतात, एक पक्षी पकडायला. त्याला ‘मित्र’ म्हणणं जरा ताणल्यासारखं होईल, पण त्याची जात सवंगड्याचीच आहे: तो मुलांहून वेगळा आहे, त्याला स्वतःची मर्जी आहे, त्याची मनधरणी करावी लागते. इथे खरं जग पुसून दुसरं उभं राहत नाही. अंगण तेच, रात्र तीच. उलट एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करण्याच्या तंत्रामुळे मुलंच पारदर्शक दिसतात, त्यांच्या अंगातून मागचं रंगकाम डोकावतं. मग कोण खरं नि कोण कल्पनेतलं, हे ठरवायचं कसं?

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्जरी टेलर आणि सहकाऱ्यांच्या २००४च्या अभ्यासात सात वर्षांपर्यंतच्या ६५ टक्के मुलांना केव्हा ना केव्हा असा काल्पनिक सोबती होता. खेळण्यातलं अस्वल वगैरेही त्यात धरलं होतं. हे सोबती नेहमी आज्ञाधारक नसतात. भांडतात, ऐकत नाहीत. आणि ते खोटे आहेत हे मुलांना बहुतेक वेळा पक्कं ठाऊक असतं.

एकटेपणातून सोबती जन्मतो म्हणावं, तर राल्फच्याच ‘बॉयहूड डेझ’ या कार्टूनपटात (१९५७) काच फोडल्याबद्दल राल्फला एकट्याला खोलीत बसवलं जातं. तिथेही तो कुणाला सोबतीला बोलावत नाही. जंगलात शिरून आईवडिलांना वाचवणारा शूरवीर स्वतःच होतो.