पोराची तार आणि बापाची तार

कोपर मोडलं, ऑपरेशन झालं, तार टाकली. इथवर सगळं गाव सारखंच सांगतं, आणि मग सुरू होतं, ‘शेजारच्या पोट्ट्याची तार महिन्यात निघाली, माझी का नाही?’

पोरांचं सगळ्यांनी पाहिलेलं असतं. बंडीवरून नाहीतर चिंचेवरून हात टेकून पडलं की दंडाचं हाड कोपराच्या जरा वर मोडतं. सरकलेलं हाड जागेवर बसवून कातडीतूनच २-३ तारा घालतात, टोकं बाहेर ठेवतात, वर अर्धं प्लास्टर. ३-४ आठवड्यांनी ओपीडीतच पकडीनं ओढून काढतात.

बाप गोठ्यात शेणावरून घसरतो आणि थेट कोपरावर आपटतो. त्याचं मोडतं ते कोपराचं टोक, आपण टेबलावर टेकवतो ते. दंडाच्या मागचा स्नायू तिथंच चिकटलेला; हाड तुटलं की तो तुकडा वर ओढून नेतो आणि हात स्वतःच्या जोरानं सरळ होत नाही. ही ओढ प्लास्टरला आवरत नाही. म्हणून चिरा देऊन आत दोन सरळ तारा घालतात आणि त्यांना धरून मागच्या बाजूनं एक तार इंग्रजी आठसारखी फिरवून पीळ देतात. कोपर वाकवलं की मागची फट उघडू बघते, ही तार ती उघडू देत नाही, आणि तीच ओढ सांध्याच्या बाजूला तुकडे एकमेकांवर दाबते. (हाडाचा चुरा असेल तर तारेचं काम नाही, प्लेट लागते.)

म्हणजे पोराची तार हाड नुसतं धरून ठेवते, बापाची तार हालचालीसाठीच असते. तरी बाप पोराकडे बघून दीड महिना हात गळ्यात बांधून बसतो. डॉक्टरांनी हलवा म्हटलं की हलवायचंच. मोठ्या माणसाचं आखडलेलं कोपर सहजी सुटत नाही. पोराचं खेळता खेळता सुटतं, पण नेमकं त्यालाच धरून आजी गरम तेलानं रगडते! ओढाताणीनं स्नायूत नको तिथं हाड तयार होऊ शकतं. मालिश बंद म्हणजे बंद.

बापाची तार कातडीखालीच असते, त्यामुळे पुष्कळांना टोचते. टोचली तर हाड पक्कं जुळल्यावर पुन्हा ऑपरेशन करून काढायची. नाही टोचली तर राहू द्या.

आणि पोराच्या कोपराला आधी कोणी बांबूच्या कामट्या आवळल्या असतील, बोटं गार पडली असतील, बोट सरळ करताच पोरगं किंचाळत असेल, तर बांधलेलं तिथल्या तिथं सोडवून काढा आणि रात्र असली तरी तडक जिल्ह्याचं हॉस्पिटल गाठा.