कण्हेर आणि बिट्टी

(कण्हेर : सं. करवीर, हयमारक, अश्वमारक, हिं. कनेर, गु. कणेर, क. कणगिले, ते. गन्नेरू, लॅ. नेरियम ओलिअँडर. बिट्टी : पिवळी कण्हेर, हिं. पीली कनेर, ते. पच्च गन्नेरू, लॅ. कॅस्काबेला थेवेशिया. दोन्हींचे कुल–ॲपोसायनेसी.)

फुलांसाठी बागेत लावली जाणारी दोन सदाहरित, विषारी झुडपे. सोलापूरसारख्या कमी पावसाच्या, कडक उन्हाळ्याच्या भागात दोन्ही चांगली तग धरतात. बोलताना दोन्हींना सर्रास ‘कण्हेर’ म्हणतात, आणि रोपवाटिकेत पिवळी कण्हेर मागितली तर बहुधा बिट्टीचेच रोप हाती पडते. प्रत्यक्षात दोन्हींत कुल तेवढे समान आहे. वंश, मायदेश, फळ आणि पाण्याशी वागण्याची रीत ही सगळी वेगळी. बाग करणाऱ्याच्या दृष्टीने यांतला शेवटचा भेद सर्वांत महत्त्वाचा, पण जुन्या कोशांत त्याचीच चर्चा सर्वांत कमी आढळते.

ओळख : कण्हेरीची पाने लांबट, जाड, चिवट असून फांदीच्या एकेका पेरावर तीन-तीनच्या मंडलात येतात. बिट्टीची पाने अधिक अरुंद, चकचकीत आणि एकाआड एक. फूल नसलेल्या दिवसांतही एवढ्या खुणेवरून घोटाळा टळतो. पानाचा देठ मोडून पाहिला तर खात्रीच पटते : बिट्टीतून दुधासारखा पांढरा चीक लगेच ओघळतो व कपड्यावर पडला तर डाग राहतो, कण्हेरीतून येणारा रस पातळ, फिकट व चिकट असतो. कण्हेरीची फुले पांढरी, गुलाबी किंवा तांबडी, एकेरी अथवा दुहेरी, झुपक्यांनी येतात व पाकळ्यांच्या तळाशी झालरीसारखे तोरण असते. बिट्टीचे फूल घंटेसारखे, पाकळ्या एकमेकींवर मळसूत्री मुडपलेल्या. रंग पिवळा, क्वचित केशरी वा पांढरा. कण्हेरीला लांब, जोडशेंगांसारखी फळे धरतात व ती उकलली की केसाळ बिया वाऱ्यावर उडतात. बिट्टीचे फळ हिरवे, कंगोरेदार, पिकल्यावर काळे पडणारे. आत एकच टणक आठळी.

कण्हेरीच्या पानाची अंतर्रचना वनस्पतिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत मरुवनस्पतींचे (कोरड्या प्रदेशात तगणाऱ्या वनस्पतींचे) उदाहरण म्हणून दिली जाते. पानाच्या खालच्या बाजूला बारीक खळगे असतात, खळग्यांत केस आणि त्या केसांआड पर्णरंध्रे (पानाची सूक्ष्म छिद्रे). साध्या भिंगातूनही हे खळगे फिकट ठिपक्यांसारखे दिसतात. रंध्रांपाशी हवा कोंडून दमट राहत असल्याने बाष्पोच्छ्‌वास (पानांतून वाफेने पाणी जाणे) कमी होतो. वरच्या बाजूला जाड उपत्वचा व तिच्याखाली बाह्यत्वचेचे एकाहून अधिक थर असतात. बिट्टीत अशी खळग्यांची योजना नाही.

नावे व वर्गीकरण : स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअस यांनी दोन्ही वनस्पतींची नोंद १७५३ मध्ये केली. कण्हेरीला त्यांनी नेरियम ओलिअँडर हे नाव दिले ते भूमध्य सागराकाठच्या, जवळजवळ बिनवासाच्या झाडावरून. भारतीय कण्हेर सुगंधी असल्याने मिलर यांनी १७६८ मध्ये तिला नेरियम इंडिकम व एटन यांनी १७८९ मध्ये नेरियम ओडोरम ही वेगळी नावे दिली. जुन्या भारतीय ग्रंथांत व आयुर्वेदविषयक लेखनात ही दोन नावे अजूनही आढळतात. वास व तोरणाच्या झालरीतील फरक सलग बदलत जाणारे असल्याने आता बहुतेक अभ्यासक वंशात एकच जाती मानतात. पेगन यांच्या १९८७ च्या प्रबंधानंतर हे मत अधिक बळकट झाले. प्रस्तुत नोंदीतही तेच स्वीकारले आहे.

बिट्टीला लिनीअस यांनी सर्बेरा वंशात घातले व जातिनाम सोळाव्या शतकातील फ्रेंच धर्मोपदेशक व प्रवासी आंद्रे थेवे यांच्यावरून दिले. थेवे १५५५ मध्ये ब्राझीलला गेले होते. पुढे थेवेशिया नेरिफोलिया (म्हणजे कण्हेरीसारख्या पानांची) आणि थेवेशिया पेरुव्हियाना ही नावे रूढ झाली. १९८० मध्ये लिपोल्ड यांनी तिला कॅस्काबेला वंशात नेले. ‘पेरुव्हियाना’ हे नाव दिशाभूल करणारे आहे, कारण तिचे मूळ स्थान मुख्यतः मेक्सिको व मध्य अमेरिकेकडचे मानतात. ‘कास्काबेल’ म्हणजे स्पॅनिशमध्ये घुंगरू. तिकडे या गटातील झाडांच्या कठीण आठळ्या पोकळ करून नाचताना पायांत बांधत. म्हणजे ज्या वस्तूशी आपल्याकडची पोरे गल (जमिनीतला लहान खड्डा) करून खेळत आली, तिचाच तिकडे पायांतला चाळ झाला.

‘कण्हेर’ हा शब्द सं. करवीर, प्रा. कणवीर, कणेर या मार्गाने आल्याचे सामान्यतः मानले जाते. तेलुगूतील गन्नेरू व कन्नडमधील कणगिले यांच्याशी असलेल्या साम्यामुळे शब्द उत्तरेकडून दक्षिणेत गेला की उलट, याविषयी मतभेद आहेत. सोलापुरात या तिन्ही भाषा एकाच गल्लीत ऐकू येतात. पूर्व भागातील पद्मशाली घरातले गन्नेरू आणि शेजारच्या मराठी घरातली कण्हेर यांत कोणाला परकेपणा वाटत नाही. कोल्हापूरचे ‘करवीर’ हे नाव या झाडावरून आल्याचे काही जण सांगतात. देवीने आपल्या हाताने (करांनी) क्षेत्र उचलून धरले ही स्थलपुराणातील कथा मात्र अधिक प्रचलित आहे.

पीत करवीराचा वाद : संस्कृत कोशांत करवीर फार जुना आहे. सामान्यतः इ. स. चौथे ते सहावे शतक या काळात ठेवल्या जाणाऱ्या अमरकोशात त्याचा ‘हयमारक’ (घोड्याला मारणारा) हा पर्याय येतो, म्हणजे विषाची जाण तेव्हाही होती. प्रश्न उपस्थित होतो तो पिवळ्या रंगापाशी. सोळाव्या शतकातील भावप्रकाश या आयुर्वेदीय ग्रंथात करवीराचे पांढरा व तांबडा असे दोनच भेद आहेत. नरहरी याच्या राजनिघंटू या औषधी-वनस्पतिकोशात मात्र पांढरा, तांबडा, पिवळा व काळा असे चार. यातील पीत करवीर म्हणजेच आजची बिट्टी, असे अनेक आधुनिक टीकाकार सरसकट लिहितात.

बिट्टी अमेरिकन असल्याने पंधराव्या शतकाच्या अखेरीपूर्वी ती भारतात असणे संभवत नाही; पोर्तुगीजांमार्फत आली असावी, हा प्रचलित तर्क. राजनिघंटूचा काळ काही अभ्यासक चौदाव्या-पंधराव्या शतकात, तर काही सतराव्या शतकापर्यंत खाली आणतात. पहिला काळ मानल्यास पीत करवीर बिट्टी असूच शकत नाही. दुसरा मानल्यास शक्यता उरते, पण तेवढीच. ग्रंथावरून झाडाचा काळ ठरवायचा आणि झाडावरून ग्रंथाचा, हा युक्तिवाद चक्राकार होतो. शिवाय खऱ्या कण्हेरीतही फिकट पिवळ्या, सायीच्या रंगाच्या फुलांचे वाण आहेत, आणि वैद्यांनी रंगावरून भेद पाडताना त्यांचाच विचार केला असणे अधिक स्वाभाविक वाटते. भावप्रकाशाने पोर्तुगीज संपर्कातून आलेल्या फिरंग रोगाची (उपदंशाची) दखल घेतली आहे. पिवळी कण्हेर तेव्हा बागांतून रुळलेली असती तर तीही त्यात आली असती, असे म्हणता येईल, मात्र अनुल्लेखावरचा हा पुरावा दुबळाच. काळ्या करवीराची ओळख कोणत्याच झाडाशी समाधानकारकपणे जुळत नाही.

व्यवहारात याचा अर्थ असा की जुन्या ग्रंथांतील करवीराचे गुण बिट्टीला लावू नयेत. बाजारू पुस्तकांत हे सर्रास होते.

सोलापुरातील लागवड : जिल्हा पर्जन्यछायेत मोडतो. पाऊस साधारण ५०० ते ७५० मिमी., तोही बेभरवशाचा. मे महिन्यात पारा ४० अंश से. ओलांडतो. जमीन एके ठिकाणी खोल काळी, तर शंभर पावलांवर नुसता मुरूम. नळाचे पाणी काही दिवसांआड येत असल्याने अंगणातल्या झाडाला धुण्याचे, नाहीतर क्षारयुक्त बोअरचे पाणी मिळते. अशा ठिकाणी दोन्ही झाडे जगतात, पण सारखी नाही.

कण्हेर निसर्गतः कोरड्या पडणाऱ्या ओढ्या-नाल्यांच्या पात्रांत वाढते. त्यामुळे उन्हाळ्याचा कोरडेपणा आणि पावसाळ्यात मुळाशी काही दिवस तुंबलेले पाणी हे दोन्ही ती सोसते. खारट पाण्यालाही दाद देत नाही. म्हणून खोल काळ्या मातीत कण्हेरच निवडावी. बिट्टीला साचलेले पाणी मानवत नाही. मुरमाड उताराला, बांधाच्या कडेला किंवा भराव घातलेल्या उंच जागी ती झपाट्याने वाढते. काळ्या रानातच लावायची झाल्यास खड्ड्यात निम्मा मुरूम मिसळून रोप उंचवट्यावर बसवावे.

कण्हेर छाटाने होते. पेन्सिलीएवढ्या जाडीची वीतभर फांदी पावसाळ्याच्या तोंडाशी खोचली, किंवा बाटलीतल्या पाण्यात ठेवली, तरी मुळे धरते. हातमोजे घालावेत व ते पाणी पोरांच्या, मांजरांच्या हाती लागू देऊ नये. बिट्टी आठळीपासून येते. आठळी टणक असल्याने उगवणीला वेळ लागतो. कण्हेर दोन ते चार मीटरांवर थांबते व छाटणीने दाट होते. फुले नव्या फुटीच्या शेंड्यावर येत असल्याने बहर ओसरल्यावर छाटावी, अवेळी छाटल्यास पुढचा बहर हातचा जातो. बिट्टी मोकळी सोडल्यास पाच-सहा मीटरांचा लहान वृक्ष होते व खालून उघडी पडते. कुंपणाला म्हणूनच कण्हेर बरी. महामार्गांच्या दुभाजकांतही तीच लावतात : समोरच्या गाडीचा झोत अडतो, धूर सोसते, आणि शेळ्या तोंड लावत नाहीत.

पूजा व खेळ : दोन्ही फुले महादेवाला चालतात, पांढरी कण्हेर विशेष. गणेशाच्या एकवीस पत्रींच्या अनेक याद्यांत करवीर आहे. वधस्थानाकडे नेल्या जाणाऱ्या माणसाच्या गळ्यात करवीराची माळ घालीत, असे संस्कृत नाटकांत दिसते. बिट्टीला मात्र अशी जुनी परंपरा नाही. तिची परंपरा पोरांची. पिकलेले फळ दगडावर घासून गर काढायचा, उरलेली तपकिरी, मध्ये कड असलेली आठळी म्हणजे बिट्टी, आणि मग गलीत टाकून नेम धरायचा. जिंकलेल्या बिट्ट्यांनी चड्डीचा खिसा फुगायचा. गोट्या विकत मिळू लागल्यावर हा खेळ मागे पडला.

विष : दोन्ही झाडांचे सर्व भाग विषारी आहेत. कण्हेरीत ओलिअँड्रिन, बिट्टीत थेवेटिन व पेरुव्होसाइड इ. हृद्‌ग्लायकोसाइडे असतात. ही द्रव्ये हृदयाच्या पेशींतील सोडियम-पोटॅशियम पंप अडवतात. परिणाम डिजिटॅलिस या हृदयावरील औषधासारखा : मळमळ, उलट्या, मंद वा अनियमित ठोके. बिट्टीच्या बीत विषाचे प्रमाण अधिक, आणि ते मुलांच्या खेळण्याच्या आत दडलेले. श्रीलंकेत १९८० च्या दशकापासून बिट्टीची विषबाधा ही मोठी समस्या झाली. डिजॉक्सिनविरोधी (डिजिटॅलिसपासून मिळणाऱ्या द्रव्याला निष्प्रभ करणारी) प्रतिपिंडे तीवर उपयोगी पडतात हे तेथील २००० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसून आले. घरगुती उतारा करत न बसता पान किंवा फळ बरोबर घेऊन रुग्णालय गाठावे. आयुर्वेदात करवीर दुधात शुद्ध करून वापरतात; ते काम घरचे नव्हे.

जनावरांबाबत एक बाब दुर्लक्षित राहते. हिरव्या कडू पानाला गुरे सहसा तोंड लावत नाहीत, परंतु वाळल्यावर विष तसेच राहते आणि जनावराला ते टाळणे जमत नाही. कुंपण छाटून फांद्या ज्वारीच्या कडब्याच्या गंजीशेजारी टाकल्या व त्या कडब्याबरोबर कुट्टीत गेल्या, तर धोका गंभीर असतो. छाट लांब खड्ड्यात पुरावा. जाळू नये, धूरही बाधतो.

कीटक : कण्हेरीच्या कोवळ्या शेंड्यांवर पिवळा मावा दाटतो, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने तो निघतो. हबशी (कॉमन क्रो) फुलपाखराच्या अळ्या पाने खातात व विष अंगात साठवून पक्ष्यांपासून बचावतात. त्यांचे कोष पानाच्या खाली आरशासारखे चकाकत लोंबतात. एका बाजूने भिंत, दुसऱ्या बाजूने आभाळ त्यांत दिसते. फवारणीपूर्वी ते पाहून घ्यावेत.