पडीक शेतातल्या रोपांना हवी बुरशी

वृक्षलागवडीच्या बातमीत रोपांचा आकडा मोठ्या अक्षरांत येतो. जमिनीबद्दल एवढेच असते, की ती 'पडीक शेतजमीन' आहे. म्हणजे खड्डे खणले की झाले! पण वर्षानुवर्षे नांगरलेली जमीन रानातल्या झाडाला परकी असते. फाळ जिथवर जातो त्याखाली माती दबून टणक थर होतो, तिथे मुळे अडतात. तो खोल नांगरटीने फोडता येतो. दुसरी उणीव, मुळांना साथ देणाऱ्या बुरशीची, मात्र डोळ्यांना दिसत नाही.

झाडाला लागणारे स्फुरद (फॉस्फरस) मातीत जागचे फारसे हलत नाही. लोह, ॲल्युमिनियम, कॅल्शियम त्याला जखडून ठेवतात. मूळ लगतचे स्फुरद शोषते आणि भोवती मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे रिकामे कडे उरते. पलीकडे साठा असतो, पण तो चालून येत नाही. मुळाशी जोडलेल्या बुरशीचे तंतू मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही बारीक असतात. मूळ शिरूच शकणार नाही अशा फटींतून ते कड्यापलीकडे पोचतात, स्फुरद आणतात आणि मोबदल्यात झाडाची साखर घेतात. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक यांनी 1885 मध्ये या भागीदारीला मायकोरायझा हे नाव दिले.

गहू, मका आणि सागसुद्धा ज्या बुरशीशी नाते जोडतात ती आर्बस्क्युलर, मुळाच्या पेशींत शिरणारी. ती शेतात थोडीफार तग धरते, जरी नांगर तिचे जाळे तोडतो आणि भरपूर स्फुरद मिळालेले पीक तिला विचारत नाही. ओक, पाइन, साल यांची एक्टोमायकोरायझा वेगळी; ती मुळावर बाहेरून म्यान चढवते. पिकांना तिची गरज नाही, म्हणून निव्वळ पिकांच्या शेतात ती टिकत नाही. दक्षिण गोलार्धात पाइन नेले तेव्हा अनेक ठिकाणी रोपे पिवळी पडून खुरटली. जुन्या पाइनखालची माती मिसळल्यावर जोमाने वाढली.

एकाच बुरशीचे तंतू अनेक झाडांच्या मुळांना जोडू शकतात. यावरून 'झाडे एकमेकांशी बोलतात, आई पिल्लांना भरवते' अशा कथा पसरल्या आहेत. 1997 मध्ये कॅनडाच्या वनशास्त्रज्ञ सुझान सिमार्ड यांनी एका झाडातून दुसऱ्यात कार्बन गेल्याचे मोजले, हे खरे. त्यावरून माया सिद्ध होत नाही.

बुरशी मिळाली तरी रोपांमधल्या अंतराचा प्रश्न उरतो. इमारती लाकूड हवे तर रोपे दाट लावावीत: सावलीत खालच्या फांद्या लवकर वाळतात, खोड सरळ वाढते, गाठी कमी. मग वेळेवर विरळणी, म्हणजे मधली काही झाडे काढणे, हवी. ती टाळली की खोडे बारीक राहतात आणि जमिनीवर ऊन न पोचल्याने खालची झुडपेही उगवत नाहीत, म्हणजे लाकूडही गेले आणि संवर्धनही.