शेरघाटीत पडलेला मंगळ

पत्रिकेतल्या मंगळापायी लग्नं अडतात. खराखुरा मंगळ मात्र २५ ऑगस्ट १८६५ रोजी बिहारमध्ये, गयेजवळच्या शेरघाटीत येऊन पडला, पाच किलोंचा अशनी (आकाशातून पडलेला दगड) होऊन. कोणाचं काही बिघडल्याची नोंद नाही!

दगड आपल्या सह्याद्रीच्या काळ्या कातळाचा चुलतभाऊच, म्हणजे लाव्हा थिजून झालेला बेसाल्ट. फ्रान्समधला शासिनी (१८१५) आणि इजिप्तमधला नखला (१९११) हे अशनीही असेच अग्निजन्य. कोडं वयाचं होतं. बहुतेक अशनी साडेचार अब्ज वर्षांचे, तर नखला जेमतेम १३० कोटींचा. लघुग्रहांच्या पोटातली आग तोवर केव्हाच विझली होती. मग एवढ्या उशिरा लाव्हा ओतला कोणी? संशय मंगळावर गेला, पण पुरावा हवा होता.

तो मिळाला अंटार्क्टिकाच्या बर्फात सापडलेल्या, शेरघाटीच्याच कुळातल्या ईईटीए ७९००१ या दगडात. मंगळावर काही आदळून खडक उडाला, तर सुटायला सेकंदाला पाच किलोमीटर वेग लागतो. त्या धक्क्यात खडक जागोजागी वितळतो, भोवतालची हवा त्या रसात दाबली जाते आणि रस लगेच थिजून काच होतो. हवा आत कोंडली, वर बूच बसलं! (धक्क्याने झालेली काच आपल्या लोणारच्या बेसाल्टमध्येही सापडते.)

१९८३ मध्ये नासाच्या बोगार्ड आणि जॉन्सन यांनी या काचेतला वायू मोजला. त्यातला आर्गॉन बोलका आहे. या वायूचे अणू कमीजास्त वजनाचे असतात (हे त्याचे समस्थानिक), पुढचा आकडा त्या वजनाचा. आर्गॉन-३६ ग्रहाच्या जन्मापासूनचा. आर्गॉन-४० खडकांतल्या किरणोत्सारी पोटॅशियमपासून आजही बनतो. मंगळाची जुनी हवा बरीचशी अवकाशात उडून गेली, नवा आर्गॉन-४० मात्र झिरपत राहिला, त्यामुळे ४० ला ३६ ने भागलं की आकडा फुगतो. पृथ्वीच्या हवेत तो सुमारे २९६ आहे. काचेत आला २००० च्या वर! १९७६ मध्ये मंगळावर उतरलेल्या व्हायकिंग यानाने तिथल्या हवेत मोजला होता सुमारे ३०००. नायट्रोजनच्या समस्थानिकांनीही पुढे तीच साक्ष दिली.

तरी २००० आणि ३००० यांत फरक होताच, आणि जमिनीवर उतरलेल्या यानापुढे दगडाचं कोण ऐकणार? २०१३ मध्ये मंगळावर फिरणाऱ्या क्युरिऑसिटी या यानाने मंगळाची हवा नव्याने, जास्त अचूक मोजली. आकडा आला सुमारे १९००, व्हायकिंगपेक्षा दगडाच्या कितीतरी जवळचा.