फ्लॉपीवरून पेनड्राइव्हवर: पोर्टेबल झिप सॉफ्टवेअरची पार्श्वभूमी

पेनड्राइव्हवर ठेवून कुठल्याही संगणकावर चालवता येणारे सेव्हन-झिप हे फाइली लहान करणारे (कॉम्प्रेस करणारे) फुकट सॉफ्टवेअर आज खास सोय वाटते. खरे तर फाइली कॉम्प्रेस करणारी सॉफ्टवेअर आधी पोर्टेबलच होती. विंडोजच्या आधीच्या, कमांडवर चालणाऱ्या डॉसच्या काळात झिप उघडणारा पीकेअनझिप म्हणजे एकच ईएक्सई (प्रोग्रामची) फाइल. ती फ्लॉपीवरून थेट चालायची आणि काम झाले की मागे काही उरत नसे. इन्स्टॉल करणे, रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीत, नोंदी करणे, राइट-क्लिकचा मेन्यू जोडणे हे सगळे विंडोजबरोबर आले.

1985 मध्ये अमेरिकेतल्या एसईए कंपनीच्या टॉम हेंडरसन यांनी ‘आर्क’ हा कॉम्प्रेस करणारा प्रोग्राम आणला. युनिक्स या दुसऱ्या प्रणालीवर फाइली एकत्र बांधायला टार आणि आकार कमी करायला कॉम्प्रेस, असे दोन वेगळे प्रोग्राम लागत. आर्कने दोन्ही कामे एका कमांडमध्ये आणली. मिल्वॉकीच्या फिल कॅट्झने त्याच फॉरमॅटसाठी वेळखाऊ भाग असेंब्लीत, म्हणजे प्रोसेसरच्या जवळच्या भाषेत, लिहून पीकेआर्क काढले आणि वेगात मूळ आर्कला मागे टाकले. 1988 मध्ये एसईएने त्याला कोर्टात खेचले, तडजोड झाली आणि आर्क फॉरमॅट कॅट्झच्या हातून गेला. म्हणून 1989 मध्ये त्याने स्वतःचा झिप फॉरमॅट आणला आणि त्याचा तपशील सर्वांसाठी खुला केला. झिप टिकला तो दर्जापेक्षा या खुलेपणामुळे, असे म्हणायला हरकत नाही. यूजीन रोशाल यांचा 1993 चा रार फॉरमॅट अनेकदा जास्त चांगले कॉम्प्रेस करी, पण रार बनवण्याचा हक्क त्यांनी राखून ठेवला. त्यामुळे आजही फुकट पोर्टेबल प्रोग्राम रार उघडतात, पण बनवत नाहीत.

1993 च्या पीकेझिप 2 मालिकेत, म्हणजे कॅट्झच्याच झिप प्रोग्राममध्ये, डिफ्लेट ही कॉम्प्रेस करण्याची पद्धत आली. मागच्या 32 केबीत तोच मजकूर आधी येऊन गेला आहे का ते ती पाहते. 3 ते 258 बाइटचा जुळणारा तुकडा सापडला, तर त्याऐवजी ‘इतके मागे जा, इतके उचल’ एवढीच नोंद करते. मग या नोंदी आणि उरलेला मजकूर या दोन्हींवर हफमन कोडिंग चालवते, म्हणजे वारंवार येणाऱ्या गोष्टींना छोटे कोड देते. जेपीईजी किंवा व्हिडिओ झिप करून आकार फारसा घटत नाही, कारण त्यातली पुनरावृत्ती आधीच काढलेली असते.

झिपमधल्या फाइलींची सूची झिपच्या अगदी शेवटी असते, आणि बरेच काही त्यावर ठरते. शेवटी सूची असली की प्रत्येक फाइल दाबून लिहीत जाता येते आणि आकार, जागा यांचा हिशेब अखेरीस मांडता येतो. म्हणूनच अनेक फ्लॉप्यांवर पसरलेला झिप उघडताना आधी शेवटची फ्लॉपी मागितली जाई. झिपच्या पुढे छोटा प्रोग्राम चिकटवला तरी सूची शेवटून सापडते, म्हणून आपोआप सुटणारी ईएक्सई फाइल बनवता येते. तोटाही तिथेच आहे. डाउनलोड मध्येच तुटले की सूचीच गायब, आणि विंडोज ‘फाइल अवैध आहे’ म्हणून हात वर करते. प्रत्येक फाइलच्या आधीही तिची माहिती देणारा एक छोटा हेडर असतो, त्यामुळे सेव्हन-झिप अशा अर्धवट झिपमधूनही सुरुवातीच्या फाइली बऱ्याचदा काढून देते.

मूळ झिपमध्ये आकाराला 4 जीबी आणि फाइलींना 65,535 ही मर्यादा होती. 2001 मध्ये झिप64 या वाढीव रचनेने ती उठवली. पेनड्राइव्ह एफएटी32 या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर 4 जीबीचा अडसर तरीही राहतोच. अशा वेळी सेव्हन-झिपमध्ये ‘स्प्लिट’ निवडून भाग पाडावेत. उघडताना सगळे भाग एकाच फोल्डरमध्ये ठेवून 001 वर क्लिक करावे.

मराठी फाइलनावांचा घोळही जुनाच. झिप जन्मला तेव्हा नावांसाठी आयबीएम पीसीचे कोडपेज 437 (अक्षरांचा एक ठरावीक संच, ज्यात देवनागरी नाही) गृहीत होते. नाव यूटीएफ-8 मध्ये, म्हणजे सर्व लिपी सामावणाऱ्या पद्धतीत, आहे असे दर्शवणारा बिट 2006 मध्ये आला. विंडोज एक्सपीचे अंगभूत झिप ‘अहवाल’ असे देवनागरी नाव दिसले की फाइल कॉम्प्रेस करायलाच नकार देई. त्याच फाइली सेव्हन-झिपमधून बिनतक्रार जात.

इगोर पावलोव यांनी 1999 मध्ये सेव्हन-झिप आणले. त्याची कॉम्प्रेस करण्याची पद्धत एलझेडएमए. ती 32 केबीऐवजी कित्येक एमबी मागे पाहते, म्हणून फाइल लहान होते, पण रॅम खाते. डिक्शनरी, म्हणजे मागे पाहण्याची ही मर्यादा, 64 एमबी ठेवली तर कॉम्प्रेस करताना सुमारे 700 एमबी रॅम लागते. उघडताना मात्र डिक्शनरीहून थोडी जास्तच पुरते. ‘सॉलिड’ पर्याय निवडला की अनेक फाइली एकाच सलग प्रवाहात जातात. तो मध्येच खराब झाला तर त्या गटातल्या पुढच्या फाइलीही जातात. बॅकअपला तो बंद ठेवलेला बरा.

पोर्टेबल आवृत्तीत राइट-क्लिकचा मेन्यू मिळत नाही, कारण त्यासाठी डीएलएल (प्रोग्रामचा सहायक भाग असलेली फाइल) त्या संगणकावर नोंदवावी लागते. फाइल मॅनेजर उघडून फाइली त्यात ओढाव्यात. कमांड वापरत असाल तर फोल्डररचना राखायला ‘एक्स’ द्या. ‘ई’ दिलेत तर सगळ्या फाइली एकाच फोल्डरमध्ये ओतल्या जातात.

सेव्हन-झिप स्वतःहून अपडेट होत नाही, त्यामुळे पेनड्राइव्हवरची प्रत वर्षानुवर्षे तीच राहते. इंटरनेटवरून आलेल्या फाइलीवर विंडोज जी धोक्याची खूण लावते, ती काढलेल्या फाइलींवर उतरवण्याची सोय 2022 च्या 22.00 मध्ये आली आणि तीही ऑप्शन्समध्ये जाऊन सुरू करावी लागते. शिवाय ही खूण टिकायला एनटीएफएससारखी, विंडोजच्या डिस्कवर सहसा असणारी फॉरमॅट पद्धत लागते. एफएटी32 पेनड्राइव्हवर अनझिप केलेल्या फाइलींवर ती नसतेच, मग आवृत्ती कितीही नवी असो.